रम, लिंबू आणि फळांचा पाक

नांदेडहून लातूरकडे जाताना वाटेत लोहा लागते. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला जाणाऱ्यांना हा रस्ता पाठ असतो. उन्हाळ्यात मात्र तो रसवंत्यांचा रस्ता होतो. चरकाला बांधलेले घुंगरू, बर्फाची लादी फोडल्याचा आवाज आणि किराणा दुकानाच्या फळीवर ओळीने मांडलेल्या लाल, हिरव्या, नारिंगी सरबताच्या बाटल्या हे इथले नेहमीचे दृश्य. गेल्या वर्षी मे महिन्यात एका कार्यानिमित्त लोह्याला नातेवाइकांकडे जाणे झाले. पाहुण्यांची पांगापांग झाल्यावर पुण्यात नोकरीला असलेल्या भाच्याने गच्चीवर चार खुर्च्या मांडल्या. 'मामा, आज तुम्हाला डाळिंबाची डायकिरी पाजतो,' असे म्हणून त्याने पुण्याहून आणलेली पांढरी रम, अर्धा डझन लिंबे आणि गावातूनच घेतलेली एक लालभडक बाटली पुढे ठेवली. पहिल्या घोटाबरोबर सर्वांना लहानपणीचे खोकल्याचे औषध आठवले. बाटलीवर टपोऱ्या डाळिंबाचे चित्र होते. दिव्याजवळ नेऊन वाचले तेव्हा मागच्या बाजूस बारीक अक्षरांत साखर, पाणी, आम्ल, अनुमत रंग आणि कृत्रिम स्वाद एवढेच घटक सापडले. डाळिंबाचा त्यात थेंबही नव्हता.

दोष भाच्याचा नव्हता आणि रमचाही नव्हता. उष्ण कटिबंधातील रमची जी जुनी, जगप्रसिद्ध मिश्रणे आहेत त्यांत मद्याइतकेच महत्त्व लिंबाला आणि फळांच्या गोड पाकाला असते. मद्याची बाटली घेताना आपण दहा वेळा विचारपूस करतो. पाकाच्या बाटलीचा मात्र रंग पाहतो. ज्या राज्यात सोलापूरचे डाळिंब, जालन्याची मोसंबी, कोकणातले कोकम आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी पिकते, तिथे ही निवड डोळे मिटून व्हावी हे चमत्कारिकच म्हटले पाहिजे.

सरबत आणि पंच

'सरबत' आणि 'सिरप' हे दोन्ही शब्द पिणे या अर्थाच्या एकाच अरबी धातूपासून आले आहेत. एक फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला, दुसरा लॅटिन आणि फ्रेंचच्या वाटेने युरोपभर फिरून इंग्रजीबरोबर परतला. साखरेच्या नावाची गोष्ट याच्या उलट आहे. संस्कृत 'शर्करा' अरबांमार्फत युरोपात पोहोचली आणि तिथल्या बहुतेक भाषांत स्थिरावली. ऊसही असाच पश्चिमेकडे सरकत गेला. कोलंबसाने १४९३ साली दुसऱ्या सफरीत तो कॅरिबियन बेटांवर नेला. पुढे तिथे साखरेचे मळे उभे राहिले, गुलामांच्या श्रमावर ते फोफावले, आणि साखर काढून उरलेल्या मळीपासून सतराव्या शतकात रम तयार होऊ लागली. मराठवाड्यातील साखर कारखान्यांच्या परिसरात मळीचा वास ज्यांनी घेतला आहे, त्यांना रमचा मूळ सुगंध कुठून येतो हे वेगळे सांगावे लागत नाही.

मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला अशा पाच गोष्टींच्या पेयाला इंग्रज 'पंच' म्हणू लागले. हा शब्द आपल्याकडील 'पाच'वरून आला असे बहुतेकांचे मत आहे. काही कोशकारांना ते मान्य नाही. मात्र या पेयाचा सर्वांत जुना लेखी उल्लेख ईस्ट इंडिया कंपनीच्या हिंदुस्थानातील एका नोकराच्या १६३२ सालच्या पत्रात आढळतो, याबद्दल वाद नाही. तेव्हा त्यात रम नव्हती. गोव्याची किंवा बटाव्हियाची आरक असे. कॅरिबियन बेटांवर आरकेची जागा रमने घेतली आणि 'प्लँटर्स पंच'सारखी पेये जन्माला आली.

लिंबाची कथाही आपल्याला जवळची आहे. कॅरिबियन पाककृतींत ज्याला 'की लाइम' म्हणतात ते लहान, पातळ सालीचे, बियांचे, कडक सुगंधाचे लिंबू म्हणजे आपले कागदी लिंबूच. ते आशियातून अरबांबरोबर भूमध्य समुद्राकडे आणि तिथून स्पॅनिश लोकांबरोबर अमेरिकेकडे गेले. आज अमेरिकेतील बारमध्ये मोठे, बिनबियांचे पर्शियन लिंबू सर्रास वापरतात. तेव्हा मंडईतून कागदी लिंबू आणून डायकिरी करणारा मराठी माणूस क्युबातील मूळ चवीच्या जास्त जवळ जातो. बाटलीतला लिंबाचा रस या कामी वापरू नये. तो आंबट असतो, पण त्यात लिंबाचा वास उरलेला नसतो.

बाटलीच्या मागची बाजू

फळांपासून केलेल्या टिकाऊ पेयांसाठी आपल्या देशात १९५५ च्या फळ उत्पादन आदेशापासून मोजमाप ठरलेले आहे. तो आदेश जाऊन अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ आला आणि त्याखालील नियम ऑगस्ट २०११ पासून लागू झाले, पण मुख्य आकडे बदलले नाहीत. स्क्वॅशमध्ये फळाचा रस किंवा गर किमान २५ टक्के आणि विरघळलेले घन पदार्थ (म्हणजे बहुतांशी साखर) किमान ४० टक्के हवेत. क्रशमध्ये रस तेवढाच, घन पदार्थ ५५ टक्के. फळांच्या सिरपमध्येही रस २५ टक्केच, पण घन पदार्थ ६५ टक्के. ज्यात २५ टक्के रस नाही त्याला फळाचे सिरप म्हणता येत नाही. ते कृत्रिम सिरप ठरते. म्हणूनच अशा बाटल्यांवर 'डाळिंब सिरप' न लिहिता 'डाळिंब स्वादाचे' असे लिहिण्याची खबरदारी घेतलेली असते. एका प्रत्ययाचा फरक, पण ग्राहकाने नेमका तोच वाचायला हवा.

घटकांच्या यादीतील रंगांचे क्रमांकही बोलके असतात. १२२ किंवा १२४ दिसला तर लाल रंग फळाचा नाही. १०२ आणि ११० हे पिवळा व नारिंगी रंग देतात, १३३ निळा. परिरक्षकांपैकी २२४ म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट आणि २११ म्हणजे सोडियम बेंझोएट. यातील पहिला लिंबू, संत्रे, आंबा, अननस यांत चालतो; परंतु डाळिंब, जांभूळ, कोकम यांच्या नैसर्गिक लाल-जांभळ्या रंगाला तो फिका पाडतो, म्हणून अशा फळांच्या पाकात बेंझोएट वापरतात. तेव्हा लाल पाकाच्या बाटलीवर २११ पाहून बिचकण्याचे कारण नाही. सल्फाइटने मात्र दम्याच्या काही रुग्णांना त्रास होऊ शकतो, आणि प्रमाण जास्त झाले तर जळक्या काडीसारखा वास पेयात उतरतो. रमच्या वासात तो अधिकच उठून दिसतो.

आता साखरेचा हिशेब. कॉकटेल बिघडते ते बहुधा इथेच. घरी साखर आणि पाणी समान वजनाने घेऊन केलेल्या साध्या पाकाच्या २० मिलीलिटरमध्ये सुमारे १२ ग्रॅम साखर असते. ४० टक्के घन पदार्थांच्या स्क्वॅशच्या तेवढ्याच मापात ती साडेनऊ ग्रॅमच्या आसपास, क्रशमध्ये १४, तर ६५ टक्क्यांच्या सिरपमध्ये १७ ग्रॅम भरते. म्हणजे पाककृतीत २० मिलीलिटर साधा पाक सांगितला असेल तर त्याऐवजी स्क्वॅश २५ मिलीलिटर, क्रश १७ आणि सिरप १४ ते १५ मिलीलिटर घ्यावे. शिवाय स्क्वॅश आणि क्रश यांत सायट्रिक आम्ल आधीच असते; तिथे लिंबाचा रस चहाचा एक चमचा कमी करावा. एवढे पाळले तरी निम्मी लढाई जिंकली.

पाचगणीच्या मॅप्रो, मालाज यांसारख्या उत्पादकांचे क्रश आता तालुक्याच्या गावीही मिळतात. मॅप्रोची सुरुवात १९५९ साली स्ट्रॉबेरीच्या जॅमपासून झाली होती. क्रशमध्ये फळाचा गर असतो, त्यामुळे पेय दाट आणि किंचित गढूळ होते. बर्फाबरोबर मिक्सरमध्ये फिरवायच्या पेयांना तो उत्तम. गाळून पारदर्शक द्यायच्या पेयांना नाही. मोठ्या शहरांतील बारमध्ये मोनँसारख्या (ही फ्रेंच कंपनी १९१२ मधली) परदेशी सिरपांच्या बाटल्यांची रांग असते. त्यांचा गुण म्हणजे जानेवारीत आणि जुलैत चव एकच राहते. पन्नास गिऱ्हाइकांना सारखे पेय द्यायचे असेल तर तो गुण मोठा आहे. घरी चौघांसाठी करताना त्यासाठी जास्त पैसे मोजावेत असे मला वाटत नाही.

डाळिंब

भाच्याची फसगत झाली ती डाळिंबाच्या नावावर, तेव्हा त्यापासूनच आरंभ करणे रास्त. जगभरच्या बारमध्ये ज्याला 'ग्रेनेडिन' म्हणतात ते मुळात डाळिंबाचेच सिरप. डाळिंबाच्या फ्रेंच नावावरून हा शब्द आला. काळाच्या ओघात स्वस्त ग्रेनेडिनमधून डाळिंब नाहीसे झाले आणि लाल रंग तेवढा राहिला. रम, लिंबू आणि ग्रेनेडिन यांच्या 'बकार्डी कॉकटेल'मध्ये बकार्डी कंपनीचीच रम असली पाहिजे असा निकाल न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९३६ साली दिला होता. रम खरी हवी यासाठी माणसे न्यायालयात गेली. ग्रेनेडिन खरे असावे यासाठी कोणी गेले नाही!

खरे डाळिंब पेयाला गोडीबरोबर किंचित तुरटपणा देते, आणि रमचा जडपणा तोडायला तोच हवा असतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेला 'भगवा' हा वाण रंगाने गडद आणि दाण्याने मऊ, म्हणून पाकाला सोयीचा. दाणे मिक्सरमध्ये फिरवू नयेत, बिया भरडल्या की रस कडवट होतो. पातळ फडक्यात बांधून पिळावेत किंवा पुरणयंत्रातून हलक्या हाताने काढावेत. २०० मिलीलिटर रसात २०० ग्रॅम साखर घालून, न उकळता, ढवळत विरघळवावी. थोडी धग द्यावी लागली तरी बोट सोसेल एवढीच. उकळलेल्या रसाला काकवीसारखी चव येते आणि रंग विटकरी होतो. हा पाक फ्रिजमध्ये दोन आठवडे चांगला राहतो. ६० मिलीलिटर पांढरी रम, २५ मिलीलिटर लिंबाचा रस, २० मिलीलिटर हा पाक आणि भरपूर बर्फ घालून झाकणाच्या डब्यात पंधरा सेकंद जोराने हलवावे आणि गाळावे. रंग गुलाबी येतो, लालभडक नाही. लालभडक आला तर बाटली पुन्हा वाचावी.

मोसंबी आणि तिचे कडू गुपित

मराठवाड्याच्या फळांत मोसंबीचा मान मोठा. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याआधी २०१२-१३ च्या दुष्काळात जालना आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यांतील बागांची जी दैना झाली, टँकरने पाणी घालून झाडे जगवण्याची धडपड आणि शेवटी वाळलेल्या झाडांवर चाललेली कुऱ्हाड, ती पाहिलेली माणसे अजून विसरलेली नाहीत. एवढे पीक असूनही सरबताच्या फळीवर खऱ्या मोसंबीची बाटली क्वचितच दिसते. याचे कारण व्यापारात कमी आणि रसायनात अधिक आहे.

मोसंबीच्या फोडींच्या पापुद्र्यात एक बेचव द्रव्य असते. रस काढला की आम्लाच्या संपर्कात त्याचे हळूहळू लिमोनिनमध्ये रूपांतर होते आणि लिमोनिन अत्यंत कडू. ताजा रस गोड लागतो, तोच काही तासांनी कडवट होतो. तापवला तर आणखी लवकर. रसाच्या दुकानात 'लगेच प्या' असे सांगतात त्यामागे हेच कारण आहे. कडवटपणा काढण्याच्या पद्धती आहेत, पण त्यांना यंत्रसामग्री आणि भांडवल लागते. परिणाम असा, की मोसंबीचा शेतकरी जवळजवळ पूर्णपणे ताज्या फळांच्या बाजारावर विसंबून राहतो; भाव पडला की फळ टिकवून ठेवण्याचा दुसरा मार्ग त्याच्यापाशी नसतो. आंब्याचा गर डब्यात भरून वर्षभर विकता येतो, मोसंबीला ती सोय नाही.

घरातल्या घरात मात्र यावर एक जुना तोडगा आहे. रसाचा पाक न करता सालीचा करावा. अठराव्या शतकातील पंच बनवणारे लोक लिंबाच्या आणि संत्र्याच्या साली साखरेत चोळून त्यातील सुगंधी तेल उतरवून घेत. चार मोसंब्यांची साल बटाट्याच्या सोलाण्याने अगदी पातळ काढावी. खालचा पांढरा भाग आला तर कडवटपणा मागच्या दाराने आत आला असे समजावे. २०० ग्रॅम साखरेत या साली लाकडी रवीच्या टोकाने ठेचून झाकून सात-आठ तास ठेवाव्यात. साखर ओलसर आणि सुवासिक होते. मग १५० मिलीलिटर कोमट पाणी घालून विरघळवावी आणि गाळून घ्यावी. 'माय ताय' या पेयात संत्र्याच्या सालीचे क्युरासाव हे मद्य पडते. ते आपल्याकडे महाग आणि मिळायला अवघड. त्याच्या जागी हा पाक मी वापरून पाहिला आहे. मूळ चव येते असा दावा करणार नाही, पण त्या दिशेने पेय जाते. मोसंबीचा रस स्वतंत्रपणे, पेय करताना, आयत्या वेळी काढून घालावा. त्यात आंबटपणा कमी असल्याने लिंबाला तो पर्याय नव्हे.

कोकम

अमृत कोकम हा माझ्या मते महाराष्ट्रातील सर्वांत चांगला कॉकटेल पाक आहे आणि त्याकडे या दृष्टीने फार थोड्यांनी पाहिले आहे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. एप्रिल-मेमध्ये पिकलेली फळे अर्धी कापून, सालीच्या वाट्यांत साखर भरून बरणीत थर लावतात. फळाच्या साधारण दुप्पट वजनाची साखर लागते. पाणी नाही, आच नाही. साखर फळातला रस ओढून घेते आणि काही दिवसांत गडद माणकासारखा पाक तयार होतो. आच न लागल्यामुळे फळाची चव ताजी राहते. त्याला स्वतःचे आम्लही भरपूर असते, त्यामुळे लिंबू निम्म्यावर आणता येते.

आपल्या गडद, व्हॅनिलाच्या वासाच्या, गोडसर रमला कोकमाइतका चांगला जोडीदार नाही. ६० मिलीलिटर गडद रम, २५ मिलीलिटर अमृत कोकम, १० मिलीलिटर लिंबाचा रस, बर्फ आणि वर थंड सोडा. जिऱ्याची पूड घालण्याचा मोह होतो; तो आवरावा. गोव्यात कोकम आणि फेणीची जोडी आहेच, काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण फेणीचा उग्र वास कोकमावर स्वार होतो, रमचा होत नाही.

एक सूचना आवश्यक आहे. कोकणातून येणाऱ्या बाटल्यांत अमृत कोकमासारखेच दिसणारे 'आगळ' असते. ते मीठ घातलेले कोकमाचे अर्क, सोलकढीसाठीचे. ते चुकून रममध्ये गेले तर यजमानाची फजिती ठरलेली. शिवाय कोकमाचा रंग उजेडाने फिका पडतो, म्हणून पारदर्शक बाटलीत खिडकीपाशी ठेवलेला माल घेऊ नये.

अननस आणि नारळ

अननस पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आपल्याकडे आणला. नावही त्यांच्याकडूनच आले. अननस, नारळाचे घट्ट गोड दूध आणि रम यांचे 'पिन्या कोलाडा' हे पेय प्वेर्तो रिकोतील कॅरिब हिल्टन हॉटेलात १९५४ साली तयार झाले असे ते हॉटेल सांगते. १९७८ मध्ये त्या बेटाने त्याला राष्ट्रीय पेयाचा दर्जा दिला. आपल्याकडे हॉटेलांत हे पेय बहुधा व्हॅनिला आइस्क्रीम आणि अननसाच्या इसेन्सवर भागवतात. अननसाचा इसेन्स लगेच ओळखू येतो, त्याला गोळ्या-चॉकलेटांच्या दुकानाचा वास असतो. ताज्या अननसाच्या रसात ब्रोमेलेन नावाचे विकर असते. ते प्रथिनांवर काम करते, त्यामुळे ताजा रस दुधात किंवा आइस्क्रीममध्ये घातला तर थोड्या वेळाने कडवट चव येते. नारळाच्या दुधाबरोबर, लगेच पिण्यासाठी, तो बिनधोक चालतो. डब्यातील रस तापवलेला असल्याने विकर निष्प्रभ झालेले असते, पण मग हलवल्यावर ताज्या रसासारखा फेसही येत नाही.

नारळाचा पाक घरीच करावा. पहिल्या पिळीचे २०० मिलीलिटर घट्ट दूध, १५० ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ मंद आचेवर साखर विरघळेपर्यंत ढवळावे. उकळी आली की दूध फाटते, हे सोलकढी आणि रस-शिरवाळ्या करणाऱ्या घरांना सांगायला नको. फ्रिजमध्ये तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये. गारव्याने वर लोण्यासारखा थर जमतो. बाटली कोमट पाण्यात धरून हलवली की एकजीव होतो.

बाकीची फळे थोडक्यात

स्ट्रॉबेरीचा क्रश गोठवलेल्या डायकिरीला चांगला, हंगामात ताजी फळे त्याहून चांगली. जांभळाचा पाक रंगाने अप्रतिम, चवीने तुरट. एका पेयात दोन चमच्यांच्या वर नको. आंब्याबद्दल मत दिले तर रोष ओढवेल, तरी सांगतो: हापूस असो की मराठवाड्याचा केसर, आंब्याचा गर रमला झाकून टाकतो. पेय छान लागते, पण ते आमरसाचे लागते. घालायचाच असेल तर लिंबू सढळ हाताने पिळावे. सीताफळाचा तर पाक होतच नाही. बालाघाटच्या डोंगरांत ते उदंड पिकते, पण त्याचा गर तापवला की कडू होतो, म्हणून तो गोठवूनच टिकवतात. सीताफळ स्वादाचे सिरप दिसले तर ते कुठून आले याचा विचार करावा.

पॅशन फ्रूट हे मूळचे दक्षिण अमेरिकेचे. आपल्याकडे कोडगू, वायनाड आणि ईशान्येकडील राज्यांत होते. न्यू ऑर्लिन्समधील पॅट ओब्रायन्सच्या बारमध्ये १९४० च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या 'हरिकेन'चा प्राण हाच पाक. पेयाचे नाव वादळी कंदिलाच्या चिमणीसारख्या पेल्यावरून पडले. या फळाचा वास इतका विशिष्ट आहे की त्याला पर्याय नाही. खरा पाक मिळाला नाही तर हरिकेन करू नये, दुसरे काही करावे.

'माय ताय' हे पेय व्हिक्टर बर्जरॉन यांनी १९४४ साली ओकलंडमध्ये बनवले. त्यात जुनी जमैकन रम, लिंबू, क्युरासाव आणि 'ओर्जा' नावाचा बदामाचा पाक असतो. बदामाचे सरबत आपल्याकडे मिळते, पण त्यात वेलची आणि केशर असते. ते घातले की पेय थंडाईच्या वळणावर जाते. होळीला ते गमतीचे वाटेल, एरवी साधा बदाम भिजवून, वाटून, गाळून त्याच्या दुधात दीडपट साखर विरघळवावी.

रम आणि कायदा

भारतात बनणाऱ्या रममध्ये मद्यार्काचे प्रमाण साधारणपणे ४२.८ टक्के असते. परदेशी पाककृती ४० टक्क्यांच्या रमवर बेतलेल्या असतात; फरक लहान असला तरी पेय पाजणाऱ्याने लक्षात ठेवावा, कारण फळांच्या गोडीमुळे मद्याचा कडकपणा जिभेला कळत नाही आणि माप सुटते. १९५४ साली बाजारात आलेली 'ओल्ड मंक' आणि तिच्या जातीच्या इतर गडद रम यांना कोकम, अननस, मोसंबी मानवतात. डाळिंब, स्ट्रॉबेरी, पॅशन फ्रूट यांना पांढरी रम बरी; गडद रममध्ये त्यांचा रंग चिखलासारखा होतो. प्लँटर्स पंचचे जुने जमैकन माप एक भाग आंबट, दोन भाग गोड, तीन भाग मद्य आणि चार भाग पाणी किंवा बर्फ असे आहे. आजच्या जिभेला दोन भाग गोड जास्त वाटते, दीड पुरे.

महाराष्ट्रात रमसारखी मद्ये घेण्यास वयाची २५ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि परवानाही लागतो. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ ते २०२१ या काळात होती. ज्यांना मद्य नको त्यांना वरील प्रत्येक पाक लिंबू, सोडा आणि चिमूटभर मीठ यांच्यासह तेवढाच उपयोगी आहे. लोह्याच्या गच्चीवरही त्या रात्री शेवटी तेच झाले. ती बाटली बाजूला ठेवून सर्वांनी लिंबू-सोडा घेतला.

पाक टिकवताना

पाक करताना लाडवांसाठी करतो तसा एकतारी करू नये. तो गार झाला की साखरेचे खडे धरतो आणि बर्फात विरघळत नाही. साखर पूर्ण विरघळली की आच बंद करावी. बाटली आणि झाकण उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण कोरडे करावे, पाक गार झाल्यावरच भरावा आणि बाटलीवर तारखेची चिठ्ठी लावावी. समान वजनाचा साधा पाक फ्रिजमध्ये तीन-चार आठवडे राहतो, दुप्पट साखरेचा त्याहून अधिक, फळाच्या रसाचा दोन आठवडे. बाहेर मराठवाड्यातील मे महिन्याच्या उन्हाळ्यात रसाचा पाक दोन दिवसही धरत नाही. झाकण उघडताना फुस्स आवाज आला, कडेला बारीक बुडबुडे दिसले किंवा ताडीसारखा वास आला तर पाक आंबला आहे. तो पुन्हा उकळून वापरण्याची काटकसर करू नये, ओतून द्यावा.